प्रोफेसरपदाची वाट कुठे अडते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आमच्या विभागात प्रोफेसरची दोनच पदे आहेत, म्हणून त्यांना आरक्षण लागू होत नाही, असे आस्थापना विभाग सांगतो. हे खरे आहे का? (सहयोगी प्राध्यापक, केंद्रीय विद्यापीठ)

नाही. केंद्रीय विद्यापीठात आता बिंदुनामावलीचे, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे हे क्रमाने ठरवणाऱ्या यादीचे, एकक विभाग नसून संपूर्ण संस्थेतील तो संवर्ग असतो. म्हणजे सगळ्या विभागांतली प्रोफेसरपदे एकाच नोंदवहीत लागतात.

एककाने काय फरक पडतो ते आकड्यांत पाहा. नामावलीत ओबीसींचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातींचा सातवा, आर्थिक दुर्बल घटकांचा दहावा आणि अनुसूचित जमातींचा चौदावा. समजा, 40 विभाग आहेत आणि प्रत्येकात प्रोफेसरची 2 पदे. विभाग हे एकक धरले, तर पहिल्या भरतीत चौथा बिंदू कुठेच येत नाही आणि 80 पैकी एकही पद राखीव होत नाही. संस्था हे एकक धरले, तर त्याच 80 पदांत साधारण ओबीसींची 21, अनुसूचित जातींची 12, आर्थिक दुर्बल घटकांची 8 आणि अनुसूचित जमातींची 6 पदे निघतात. प्रोफेसरची 14 पदे एकाच विभागात कुठे असतात? विभागनिहाय पद्धतीत आदिवासी उमेदवाराची पाळी म्हणूनच सहसा येत नसे.

विभागनिहाय पद्धत अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालातून आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मार्च 2018 मध्ये तसा आदेश काढला आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. देशभर आंदोलने झाल्यावर 7 मार्च 2019 रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. तुमच्या कार्यालयाचे उत्तर त्या मधल्या काळातले आहे. कायद्यातून अल्पसंख्याक संस्था आणि परिशिष्टातल्या काही संस्था वगळल्या आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था त्यांपैकीच.

याच कायद्याने ओबीसी आरक्षण सहायक प्राध्यापकाच्या वरच्या पदांनाही लागू झाले. त्याआधी केंद्रीय विद्यापीठांत ते प्रवेशाच्या पदापुरतेच होते. वरची श्रेणी एकसुरी दिसते त्याचे हे एक मोठे कारण आहे.

माहिती अधिकारात अर्ज करताना ‘मागासवर्गीय शिक्षक किती?’ असे विचारू नका. उत्तरात कंत्राटी शिक्षकांपासून सगळे एकत्र मोजलेले येतात आणि आकडा छान दिसतो. प्रोफेसर संवर्गाच्या बिंदुनामावली नोंदवहीची प्रत मागा. सोबत मंजूर, भरलेली, रिक्त आणि अनुशेषाची, म्हणजे मागे भरायची राहिलेली राखीव, पदे प्रवर्गनिहाय मागा. थेट भरतीने आलेले आणि कॅसमधून, म्हणजे सेवांतर्गत पदोन्नतीने, प्रोफेसर झालेले शिक्षक वेगळे दाखवायला सांगा. कॅसची पदोन्नती व्यक्तीपुरती असते. ती व्यक्ती निवृत्त झाली की पद मूळ संवर्गात परत जाते. ही नावे प्रोफेसरच्या पदांत मिसळली की रिकामे राखीव बिंदू झाकले जातात.

शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. राज्यातल्या विद्यापीठाकडे अर्ज करत असाल, तर महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. तिथली बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून, म्हणजे ‘मावक’कडून, तपासून घ्यावी लागते. त्या तपासणीची तारीखही विचारा. नामावली शेवटची कधी तपासली हे पाहिल्यावर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

राखीव प्रोफेसरपदासाठी पात्र ठरून मुलाखत दिली. निकालात ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा आला. आता पद खुले होईल का? मी काय करू? (नांदेड)

पद खुले होऊ नये. थेट भरतीत राखीव पद अनारक्षित करण्यावर सर्वसाधारण बंदी आहे. ते अनुशेष म्हणून पुन्हा जाहिरातीत यायला हवे. यूजीसीच्या एका मसुद्यात अनारक्षित करण्याचे प्रकरण होते. जानेवारी 2024 मध्ये त्यावर तीव्र विरोध झाला आणि केंद्र सरकारला असे काहीही होणार नाही, असा खुलासा करावा लागला.

तुमचा अर्ज छाननीत टिकला, म्हणजे तुमची पात्रता विद्यापीठाने स्वतःच मान्य केली. नंतरचा ‘अयोग्य’ हा शेरा मुलाखतीच्या खोलीत ठरला, म्हणून निवड समितीची रचना आधी तपासा. 2018 च्या यूजीसी नियमावलीनुसार या समितीत कुलगुरू, कुलपतींचे किंवा व्हिजिटरचे (केंद्रीय विद्यापीठात राष्ट्रपतींचे) नामनिर्देशित, 3 विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख असतात. राखीव प्रवर्गाचा, महिला, अल्पसंख्याक किंवा दिव्यांग उमेदवार अर्जदार असेल आणि या सदस्यांत त्या गटाचे कोणी नसेल, तर त्या गटातला एक शिक्षणतज्ज्ञ नेमावाच लागतो. गणपूर्ती 4 सदस्यांची, त्यात बाहेरचे विषयतज्ज्ञ किमान 2. यात त्रुटी निघाली तर तक्रारीला आधार मिळतो. ‘अन्याय झाला’ एवढ्याच मजकुरावर कुलपती कार्यालयही फार काही करू शकत नाही. स्वतःचे गुण आणि समितीचे इतिवृत्त लगेच मागून घ्या.

एकाच पदावर हा शेरा पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो व्यक्तीचा प्रश्न राहत नाही. प्रवेशाच्या पदावर ओबीसी आरक्षणातून लागलेल्या अनेकांची सेवा आता 10 वर्षांच्या पुढे गेली आहे. उमेदवारच मिळत नाहीत, हे कारण आता मान्य करणे कठीण आहे.

मराठी विषयात माझे 10 लेख, 2 पुस्तके आहेत. प्रोफेसरपदाच्या थेट भरतीला लागणारे 120 संशोधन गुण होतात, तरी छाननीत अर्ज बाद झाला. कुठे चुकले? (तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय)

बेरीज बरोबर असणार. मानव्यविद्यांत लेखाला 10 गुण, म्हणजे 100. राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10, म्हणजे आणखी 20. पण हे गुण सहापैकी किमान 3 गटांतून आलेले असावे लागतात. लेख हा एक गट, पुस्तके हा दुसरा. तिसरा तुमच्याकडे दिसत नाही. पीएचडी मार्गदर्शन (पदवी मिळाल्यावर 10, प्रबंध सादर झाल्यावर 5), संशोधन प्रकल्प, ई-आशय किंवा निमंत्रित व्याख्यान यांपैकी काहीतरी हवे. राष्ट्रीय परिसंवादातल्या व्याख्यानाला 3, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर 2 गुण आहेत. निमंत्रणपत्र आणि कार्यक्रमपत्रिका जपून ठेवा.

दुसरी गफलत सहलेखनाची. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के गुण. दोनहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि इतरांना 30 टक्के. तिघांच्या लेखात तुम्ही तिसरे असाल, तर 10 चे 3 होतात.

प्रतिष्ठेची उतरंड इथेच तयार होते, हे स्पष्ट सांगायला हवे. संशोधन केंद्र असलेल्या विभागातल्या शिक्षकाला विद्यार्थी, प्रकल्प, निमंत्रणे सहज मिळतात. तालुक्यातल्या शिक्षकाला मार्गदर्शकाची मान्यता मिळवण्यापासून झगडावे लागते. ती मान्यता आधी मिळवा, लेख त्यानंतरही लिहिता येतात. यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद झाली आहे, तेव्हा तुमचे विद्यापीठ नियतकालिकांसाठी कोणते निकष लावते हे लेखी घ्या. जाहिरातीत कोणत्या वर्षाची नियमावली नमूद आहे, तेही पाहा.

बाळंतपण आणि बालसंगोपन रजेमुळे कॅसच्या मूल्यमापनात माझी दोन वर्षे रिकामी दिसतात. पदोन्नती लांबेल का? (पुणे)

त्या कारणाने लांबवता येत नाही. 2018 च्या नियमावलीनुसार असा रजाकाळ श्रेणी ठरवताना वगळायचा, उरलेल्या काळाचे मूल्यमापन करायचे आणि तेच संपूर्ण कालावधीला लावायचे. अर्जाला रजा मंजुरीचे आदेश जोडा आणि हा नियम अर्जातच लिहा. अंतर्गत गुणवत्ता कक्षात तो अनेकांना ठाऊक नसतो. संशोधन गुणांना मात्र ही सवलत नाही. सहयोगी पदावरून प्रोफेसर होताना 110 गुण, 10 लेख आणि त्यातले 3 मूल्यमापन काळातले, ही अट तशीच राहते.

पात्रतेच्या तारखेआधी 3 महिन्यांत अर्ज द्या आणि पोच घ्या. पहिल्या मूल्यमापनात नाकारले गेले, तर पुढचे वर्षभराने होते आणि उशिराची ती तारीख निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. वरिष्ठ प्रोफेसरपदासाठी प्रोफेसर म्हणून 10 वर्षे लागतात आणि ती पदे मंजूर प्रोफेसरपदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच असतात. चाळिशीत गेलेले एक वर्ष तिथे पुन्हा आडवे येते.