चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं, ते बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की डेंग्यू होऊन आठ महिने झाले तरी भाऊ सावरला नाही. सकाळी बेळगावच्या वॅक्सीन डेपो मैदानावर चालायला नेता, त्या दिवशी तो बरा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरतो. लोक आळस म्हणतात. आधी ते चालायला नेणं थांबवा, मग पुढचं वाचा.

माझ्या बायकोचं असंच होतं. सणाला पोळ्या लाटल्या, संध्याकाळपर्यंत पाहुण्यांशी हसून बोलली. दुसऱ्या दिवशी हातात कंगवा धरवेना, खिडकीतला उजेड सोसवेना. तिला क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या दीर्घ थकव्याचा आजार आहे. त्याची मुख्य खूण हीच: श्रमाची किंमत उशिरा वसूल होते. 2015 साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानासाठी हे लक्षण आवश्यक ठरवलं.

हे मनाचे खेळ नव्हेत. लागोपाठ दोन दिवस तोंडाला मास्क लावून सायकल चालवायला लावायची आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजायचं, अशी एक चाचणी आहे. निरोगी माणसाचे आकडे दुसऱ्या दिवशीही जवळपास तेच येतात. या रुग्णांना मात्र दुसऱ्या दिवशी कमी कामातच दम लागतो. 2013 च्या अभ्यासात ते स्पष्ट दिसलं. एकाच दिवशी तपासलं तर पुष्कळदा काही सापडत नाही, आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहे' ऐकून माणूस घरी येतो. (ही चाचणी भावाची करून घेऊ नका, तिनेच तो आजारी पडेल.) बॉस्टनला डॉ. डेव्हिड सिस्ट्रॉम यांच्या गटाने रक्तवाहिन्यांत नळ्या घालून सायकलवर रुग्ण तपासले. काहींच्या हृदयाकडे परतणारं रक्तच अपुरं, तर काहींचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन नीट उचलत नव्हते. 2024 मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर महिनोन्महिने न सावरलेल्या आणि असाच श्रमानंतर त्रास होणाऱ्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे व्यायामाआधी आणि नंतर तपासले. व्यायामानंतर स्नायूंची इजा वाढलेली होती.

डॉक्टर व्यायाम सांगतात, त्यांचाही दोष नाही. उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2007 मध्ये या आजारात हळूहळू व्यायाम वाढवायलाच सांगितलं होतं. 2021 मध्ये तो सल्ला काढून टाकला. दरम्यान रुग्णांनी किती सोसलं, याची मला आजही चीड येते.

पण भावाला हाच आजार आहे, असं मी इथे बसून म्हणणार नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, लिव्हर, किडनी आणि क्षयाची तपासणी बेळगावात सहज होते. ती आधी करा. दुसरं काही निघालं तर कदाचित व्यायामच उपयोगी पडेल.

तोवर एक वही करा. आज काय केलं आणि पुढचे तीन दिवस कसे गेले, एवढंच लिहा. चांगल्या दिवशी त्याला जास्त करू देऊ नका, घात तिथेच होतो. आंघोळ स्टुलावर बसून, भाजी निवडणं आडवं होऊन, फोनवर बोलणंही मोजूनमापून. डोक्याचे श्रमसुद्धा श्रमच.

अजून एक. उभं राहिल्यावर नाडी फार वाढते का, तेही बघा. दहा मिनिटं निजवून नाडी मोजा, मग भिंतीला टेकून उभं करा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला मोजा. जवळ थांबा, चक्कर आली तर लगेच झोपवा. नाडी मिनिटाला 30 किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर आकड्यांचा कागद डॉक्टरांना दाखवा, या त्रासावर औषधं आहेत. आकडे इथेही लिहा, मी बघतो.