आधी वाट, मग दुकान

प्रिय,

अनेक आशीर्वाद. भेटवस्तूंचे दुकान आणि त्याला जोडून गावाच्या इतिहासाची पायी सहल, हा तुझा बेत मला पसंत आहे. मात्र मालाची यादी तयार आणि सहलीचा मार्ग ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला, हा क्रम उलटा आहे.

इंग्लंडमधील कँटरबरी येथे ११७० मध्ये तेथील आर्चबिशप, म्हणजे मुख्य ख्रिस्ती धर्मगुरू, थॉमस बेकेट यांची हत्या झाली आणि पुढे तेथे यात्रेकरूंची रीघ लागली. परतताना ते कथील-शिशाची छोटी पदके विकत घेऊन टोपीवर किंवा कपड्यांवर लावत. धातू म्हणून त्या पदकाला फारशी किंमत नव्हती. ते त्या ठिकाणी जाऊन घेतले होते, यातच त्याचे मोल होते. कोणत्याही गावात मिळणारे, केवळ नाव बदलून छापलेले चुंबक आणि पेले हे मोल कुठून आणणार?

म्हणून आधी वाट आख. अमेरिकेतील बॉस्टन शहरातील विखुरलेली ऐतिहासिक स्थळे एका पायवाटेने जोडण्याची कल्पना पत्रकार विल्यम स्कोफील्ड यांनी १९५१ मध्ये मांडली. आज सुमारे ४ किलोमीटरच्या त्या वाटेवर १६ स्थळे असून जमिनीवरची लाल रेघ पाहुण्याला पुढे नेते. स्थळे आधीही होतीच, त्यांना सांधणारी वाट नव्हती. लहान गावाला याच्या निम्मे अंतर पुरे, कारण समूहाची चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी ठरते आणि थांबून सांगण्यातच अधिक वेळ जातो.

सांगण्याची सामग्री जुने नकाशे, नगरपालिकेची दप्तरे, शिलालेख आणि वृद्धांच्या आठवणी यांतून जमव. पण कागदाचा आधार असलेली गोष्ट आणि ऐकीव आख्यायिका यांची सरमिसळ करू नकोस. आख्यायिका जरूर सांगावी, फक्त ‘असे सांगतात’ म्हणून. (श्रोत्यांना ती बहुधा अधिक आवडते, हा वेगळा भाग.) हीच शिस्त वस्तूसोबतच्या चिठ्ठीतही हवी: कारागीर कोण, घडण कशी आणि वाटेवरच्या कोणत्या जागेशी तिचे नाते आहे, एवढे त्यात असावे. जुनी छायाचित्रे छापण्यापूर्वी त्यांचे हक्क कोणाकडे आहेत, ते तपास.

सहल दुकानाशी संपली तरी चालेल, परंतु खरेदीसाठी कोणालाही अडवून धरू नये. आणि ज्या जुन्या घरांसमोर तू समूह उभा करणार, तेथे माणसे राहतात; त्यांची संमती आणि त्यांच्या सोयीची वेळ पहिल्या सहलीपूर्वीच विचारून घे.

तुझा हितचिंतक