गुलाबी बोंडअळी: फवारणीची तारीख तापमान ठरवतं, दुकानदार नाही

या आठवड्यात कपाशीचे जेवढे प्रश्न आले, त्यातले बहुतेक फिरून एकाच ठिकाणी येतात: बोंडअळीची फवारणी नेमकी कधी घ्यायची? सोबत कृषी केंद्राच्या चिठ्ठ्यांचे फोटो. कपाशी कशी लावायची, खत कसं द्यायचं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. चुकतंय ते वेळेचं गणित, म्हणून उत्तरंही आकड्यांतच देतो.

प्रश्न (ता. राळेगाव): दुकानदाराने ४५, ६०, ७५ आणि ९० दिवसांच्या फवारण्या लिहून दिल्यात. तशाच घेऊ का?

नाही. ती चिठ्ठी पेरणीच्या तारखेवरून लिहिलेली आहे आणि अळी तुमच्या पेरणीवरून वाढत नाही, ती तापमानावर वाढते. हे काही नवं नाही. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ मध्येच दाखवलं होतं की पिकाची वाढ दिवसांपेक्षा मिळालेल्या उष्णतेच्या बेरजेवर जास्त बरोबर मोजता येते. किडीलाही तेच लागू पडतं. या बेरजेला अंश-दिवस म्हणतात. वहीच्या एका पानावर हे मॉडेल मावतं.

गुलाबी बोंडअळीची वाढ साधारण १३ अंशांच्या खाली थांबते आणि ३० च्या वर वेग फारसा वाढत नाही. म्हणून रोजचं कमाल तापमान ३० पेक्षा जास्त असेल तर ३० धरायचं, किमान १३ पेक्षा कमी असेल तर १३ धरायचं. दोघांची सरासरी काढायची आणि त्यातून १३ वजा करायचे. राहिले ते त्या दिवसाचे अंश-दिवस. सरासरी २७ अंश असताना अंड्यापासून पतंगापर्यंत सुमारे ३२ दिवस लागतात, म्हणजे १४ गुणिले ३२, जवळपास ४५०. एका पिढीला ४५० हा आकडा कामापुरता धरा.

आता सप्टेंबर बघा. कमाल ३२, किमान २२. कमाल ३० धरलं, सरासरी २६, वजा १३, राहिले १३. एक पिढी ३५ दिवसांत. डिसेंबरमध्ये कमाल २८, किमान १२. किमान १३ धरलं, सरासरी २०.५, राहिले ७.५. तीच पिढी ६० दिवसांवर गेली. कीड तीच, शेत तेच, पण चिठ्ठीत मात्र दर १५ दिवसांनी फवारणी. तुम्ही डिसेंबरात १५ दिवसांनी पुन्हा पंप उचलता तेव्हा मधल्या काळात नवी पिढी आलेलीच नसते. त्या औषधाचे पैसे पाण्यात.

बेरीज सुरू कुठून करायची, इथे बरेच जण घसरतात. पेरणीपासून नाही. पात्या (फुलाच्या कळ्या) लागल्यानंतर कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग ३ रात्री पतंग आले, त्या दिवसापासून. पात्या नसताना निघालेल्या पतंगांच्या अळ्यांना खायलाच काही नसतं, ती पिढी तिथेच संपते. १ जूनच्या आधी कपाशी लावू नका असं सांगतो त्यामागे हेच आहे: मे महिन्यात लावलेली कपाशी या उपाशी पिढीला ताट वाढून देते.

तापमान आपल्या महसूल मंडळातल्या महावेध (स्वयंचलित हवामान) केंद्राचं घ्या. घरचा कमाल-किमान तापमापक असेल तर तो सावलीत, खांद्याच्या उंचीवर आणि मोकळ्या हवेत असू द्या. टिनाच्या भिंतीला टांगलेला तापमापक ४ ते ५ अंश जास्त दाखवू शकतो आणि आठवड्याभरात तुमची बेरीज काही दिवस पुढे पळते. मोबाइलवर पुण्याचं किंवा नागपूरचं तापमान बघून वही भरू नका.

बेरीज ४०० झाली की सापळे रोज बघा. पतंगांची लाट शिगेला पोचली की पुढच्या ५-६ दिवसांत अंडी फुटतात. अळी लगेच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते आणि मागचं छिद्र भरून येतं. आत गेलेल्या अळीपर्यंत कोणतंही औषध पोचत नाही. तुमची वेळ म्हणजे एवढेच ५-६ दिवस. त्याआधी मारलं तर वाया, नंतर मारलं तर जास्तच वाया.

प्रश्न (ता. भोकरदन): मोबाइल अॅपवर "अमुक तारखेला फवारा" असा संदेश येतो. त्यावर विश्वास ठेवावा का?

तारखेवर ठेवा, फवारणीवर ठेवू नका. मॉडेल सांगतं की लाट साधारण कधी येईल. ती तुमच्या शेतात किती मोठी असेल हे त्याला माहीत नसतं. संदेश आला की शेतात जाऊन बोंडं फोडायची, पंप भरायचा नाही. अॅपमध्येच औषधाची जाहिरात आणि "आताच खरेदी करा" असं बटण असेल तर ते दुकानच समजा. शिवाय नोव्हेंबरनंतर पिढ्या एकमेकींत मिसळतात, लाटा वेगळ्या ओळखू येत नाहीत. अंश-दिवसांचा हिशेब पहिल्या दोन लाटांना उत्तम, पुढे फक्त बोंडं मोजा.

प्रश्न (ता. चोपडा): एक-दोन डोमकळ्या दिसल्या. लगेच फवारणी घेऊ का?

घेऊ नका. डोमकळी (आत अळी असलेलं, पाकळ्या न उमललेलं फूल) तोडा, चुरडा आणि मोजा. फवारणीची पातळी अशी: सापळ्यात प्रत्येकी ८ पतंग सलग ३ रात्री, किंवा १० टक्के फुलं डोमकळ्या, किंवा १० टक्के हिरवी बोंडं किडलेली. सापळ्याचा आकडा एका रात्रीचा आहे. आठवड्याने पिशवी उघडून ४० पतंग दिसले म्हणून धावत सुटू नका, ते रात्रीला सहाही होत नाहीत. ल्यूर (सापळ्यातली गंधाची वडी) पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. जुन्या ल्यूरवर पतंग येत नाहीत आणि शेतकऱ्याला वाटतं कीड गेली.

बोंडं मोजताना २० घ्या असं सगळीकडे छापलेलं असतं. मी ४० घ्यायला सांगतो, कारणही सांगतो. शेतात खरोखर १० टक्के बोंडं किडलेली असली तरी २० बोंडांत एकही किडकं न सापडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के आहे, म्हणजे आठातून एकदा तुम्ही फसणार. ४० घेतली तर ती शक्यता दीड टक्क्यावर येते. अर्ध्या तासाचं काम आहे.

बोंडं १५ ते २० दिवसांची, दाबल्यावर टणक लागणारी घ्या. बांधाकडेची नकोत, नागमोडी चालत शेतभरातून घ्या. फोडल्यावर फक्त गुलाबी अळी शोधू नका, कारण लहान अळी पांढरी आणि काळ्या डोक्याची असते, गुलाबी रंग शेवटी चढतो. सालीच्या आतल्या बाजूला बारीक बोगद्याची रेघ किंवा फोडासारखा उंचवटा दिसला तर ते बोंड किडलेलं धरा, अळी दिसो न दिसो.

आणि १० टक्के बोंडं किडली म्हणजे १० टक्के कापूस गेला असं नाही. बोंडात चार-पाच कप्पे असतात, अळी बहुधा एखाद-दुसरा खाते. फवारणी परवडते का हे असं बघा. धरा, एका फवारणीला औषध आणि मजुरी मिळून ९०० रुपये आणि शेतात ८ क्विंटल माल यायचा आहे, भाव ७०००. ५६,००० च्या मालात ९०० म्हणजे १.६ टक्के. फवारणीने निम्मंच नुकसान वाचतं असं धरलं तर ३.२ टक्के नुकसान होणार असेल तेव्हा ती परवडते. तीच फवारणी डिसेंबरात, दीड क्विंटल राहिलेला असताना घेतली तर १०,५०० च्या मालासाठी ९००. आता १७ टक्के नुकसान होणार असेल तरच हिशेब जमतो. दुकानदार हे गणित कधी मांडणार नाही.

प्रश्न (ता. वणी): "डबल डोस घ्या, दोन औषधं आणि टॉनिक मिसळा, एकदाच काम होईल" असं सांगतात.

एकदाच काम होत नाही, उलट माणसाच्या जिवावर बेततं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, मनाने केलेली मिश्रणं, तोंडावर साधा रुमाल. हे पुन्हा नको.

डोस आणि मरतूक यांचं नातं सरळ रेषेत चढत नाही. शिफारशीच्या मात्रेला वक्र जवळजवळ सपाट झालेला असतो. मात्रा दुप्पट केली तर उघड्यावरच्या अळ्यांत थोड्याच जास्त मरतात, बोंडातल्या एकही नाही. मित्रकीटक मात्र सगळे जातात.

गरज पडलीच तर सप्टेंबरमध्ये क्विनॉलफॉस २० टक्के ए.एफ. २० मिली किंवा थायोडीकार्ब ७५ टक्के २० ग्रॅम, १० लिटर पाण्यात, दोन्हींपैकी एकच. ही मात्रा १० लिटरची आहे. १५ लिटरच्या पंपाला ३०. पॉवर पंपाने पाणी कमी लागतं, पण एकरी औषध लेबलवर आहे तेवढंच. टॉनिक मिसळायचं नाही. पक्कं बिल घ्या, बिल न देणाऱ्याकडून थेंबभरही घेऊ नका.

प्रश्न (ता. माजलगाव): ऑगस्टमध्ये सायपरमेथ्रीन मारलं, महिन्यात पांढरी माशी दुप्पट झाली. औषध बनावट होतं का?

औषध अस्सल असलं तरी हेच झालं असतं. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी घटली, तर बाजारातल्या मालात शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाने १९२६ मध्ये त्याचं समीकरण मांडलं. अमेरिकेत लोटकाने तेच स्वतंत्रपणे १९२५ मध्ये लिहिलं होतं. भक्षक आणि भक्ष्य दोघांनाही सारख्या प्रमाणात मारलं की सरासरीने भक्ष्य वाढतं आणि भक्षक घटतो. कारण भक्षकाला दुहेरी मार बसतो: तो औषधानेही मरतो आणि उरलेल्याला खायलाही कमी मिळतं. भक्ष्य मात्र राखणदार नसल्यामुळे झपाट्याने उभं राहतं.

तुमच्या शेतात भक्ष्य म्हणजे पांढरी माशी, भक्षक म्हणजे ढालकिडा, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) आणि कोळी. पांढरी माशी पानाखाली बसते, तिथे फवारा नीट पोचत नाही, आणि तिची पिढी तीन-चार आठवड्यांत होते. ढालकिडा मात्र पानावर उघडा फिरतो, त्याला पुरता फवारा बसतो. कॅलिफोर्नियात ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्याने १८८९ च्या सुमारास संत्र्यावरची खवलेकीड आटोक्यात आणली होती. १९४० च्या दशकात डीडीटी आलं, ढालकिडे मेले आणि कीड परत उसळली.

म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे सायपरमेथ्रीन, फेनव्हलरेट, लॅम्बडा, नोव्हेंबरच्या आधी नाही. पुन्हा सांगतो, नोव्हेंबरच्या आधी नाही. दुकानदार "स्वस्तात झटका" म्हणेल. पुढच्या महिन्यात पांढऱ्या माशीचं महाग औषधही तोच विकणार आहे. आता ५ टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालून बसेल असा मारा, पिवळे चिकट सापळे लावा आणि ३ आठवडे दुसरं काही मारू नका.

प्रश्न (ता. सावनेर): बीटी असून अळी का येते? नॉन-बीटीचं बी लावून काय फायदा?

बीजी-२ (दोन बीटी जनुकं असलेली कपाशी) भारतात २००६ मध्ये आलं, तेव्हा अळीवर चालत होतं. प्रतिकाराचा गुण अळीत आधीपासून अत्यल्प होता आणि तो दोन्ही पालकांकडून आला तरच अळी वाचते. जनुकाच्या हजार प्रतींत एक असा गुण असेल तर वाचणारी अळी दहा लाखांत एक. दहात एक झाला की शंभरात एक. तीनात एक झाला की नऊत एक. म्हणूनच वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि मग दोन-तीन हंगामांत सगळं हाताबाहेर जातं, जसं २०१७ ला गेलं. नॉन-बीटीच्या ओळींत साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग वाचलेल्यांशी जुळले की पिलावळ बीटीवर मरते. जुन्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची पुडी याचसाठी यायची आणि बहुतेकांनी ती बांधावर फेकली. आता वेळ गेली आहे, तरी पाकिटात मिसळून आलेलं बी निवडून काढू नका.

प्रश्न (ता. परतूर): पाणी आहे, भाव बरा आहे. फरदड ठेवू का?

ठेवू नका. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवणं, म्हणजेच अळीला जास्तीच्या पिढ्या देणं. एका पिढीत पतंग चौपट होतात असं धरा. जास्तीच्या दोन पिढ्या दिल्या तर सोळापट. शिवाय थंडीत बऱ्याच अळ्या दोन सरक्या जोडून त्यात झोपून राहतात आणि पुढच्या हंगामात तुमच्याच पात्यांवर येतात. डिसेंबरअखेर शेवटची वेचणी करा, जनावरं सोडा, पऱ्हाटी (कपाशीची उरलेली झाडं) श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा. बांधावर सरपणाचा ढीग रचला तर सगळी मेहनत फुकट. कवडी (किडका, नीट न फुटलेला) कापूस घरात साठवू नका. गावाजवळ जिनिंग असेल तर तिथे हंगामभर सापळे लागले आहेत का ते ग्रामपंचायतीमार्फत विचारा.

गावात एकाने पाळलं आणि बाकीच्यांनी फरदड ठेवली तर काही उपयोग नाही, पतंग बांध ओळखत नाही. किमान शिवारातल्या लगतच्या शेतकऱ्यांनी एकत्र ठरवा.

श्रेडर आणि सापळ्यांच्या अनुदानाचं विचारलंय बऱ्याच जणांनी. यंत्रासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, सापळ्यांचं तालुका कृषी कार्यालयात विचारा, मंजुरीच्या आधी खरेदी करू नका. तुमच्या गावाजवळ क्रॉपसॅपचं (कृषी विभागाचा कीड-रोग पाहणीचा प्रकल्प) निरीक्षणाचं शेत असेल तर त्याचे आठवड्याचे आकडे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) मागून घ्या आणि आपल्या वहीतल्या आकड्यांशेजारी लिहा. पुढचा प्रश्न पाठवताना चिठ्ठीचा नाही, त्या पानाचा फोटो पाठवा.