पीएसपी ३००० वर एमपी४ फाइल टाकली तरी 'अनसपोर्टेड डेटा' का येतं?

तुम्ही एकाच प्रश्नात तीन तक्रारी लिहिल्या आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करतो. घरातल्या जुन्या सोनी पीएसपी ३००० वर, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या यंत्रावर, तुम्हाला भाचीसाठी फोनमधले व्हिडिओ टाकायचे आहेत, शिवाय आईवडिलांच्या लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेली डीव्हीडी. सगळं एमपी४ करून झालं. आता काही फाइली यादीत दिसत नाहीत, काहींवर 'अनसपोर्टेड डेटा' येतं, आणि जी एकुलती एक चालते तिचा आवाज दहा मिनिटांनी ओठांच्या मागे पडतो. मी २००९ पासून हे यंत्र वापरतोय. या तिन्ही अडचणींतून गेलोय, आणि तिन्ही सुटतात.

न दिसणाऱ्या फाइलींचं आधी बघू, ते दोन मिनिटांचं काम आहे. पीएसपीचं मेमरी कार्ड संगणकाला जोडलं की त्यात 'पीएसपी' नावाचा फोल्डर दिसतो. बहुतेक जण व्हिडिओ त्याच्या आत ठेवतात, आणि तिथे ते यंत्राला सापडत नाहीत. 'व्हिडिओ' नावाचा फोल्डर त्याच्या शेजारी, कार्डाच्या अगदी बाहेरच्या पातळीवर हवा. नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं मोठी. फाइलींची नावंही साधी, छोटी आणि इंग्रजीत ठेवा. पीएसपीच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. देवनागरी नाव देऊन नवी अडचण ओढवून घेऊ नका. आणि तुमचा संगणक मॅक असेल तर प्रत्येक व्हिडिओबरोबर टिंबाने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल कार्डावर जाते. पीएसपी तिलाही व्हिडिओ समजतं आणि 'करप्टेड डेटा' दाखवतं. अशी जोडीला जोडी दिसली तर घाबरू नका, तुमचा खरा व्हिडिओ ठीक आहे. ती छोटी फाइल पुसून टाका.

आता मुख्य दुखणं. 'एमपी४ केलं' म्हणजे आपण फक्त डबा ठरवला. डब्यात पोळीभाजी आहे की लाडू, हे झाकणावरून कळत नाही, तसंच एमपी४ च्या आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय हे नावावरून कळत नाही. हल्लीचे पुष्कळ फोन एच.२६५ मध्ये चित्रण करतात. पीएसपी पहिल्यांदा जपानात विकायला आलं ते डिसेंबर २००४ मध्ये; तेव्हा एच.२६५ जन्मालाही आलं नव्हतं. त्याला कळतं ते एच.२६४, म्हणजेच एव्हीसी, आणि तेही ठरावीक चौकटीतलं.

ही चौकट इतकी घट्ट का, हे समजून घेतलंत तर पुढची प्रत्येक सेटिंग आपोआप लक्षात राहील. संगणकावर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर काहीही चालवतो, कारण तिथे ताकदवान प्रोसेसर आणि भरपूर मेमरी असते. चित्र उलगडायचं काम सॉफ्टवेअर करतं आणि सॉफ्टवेअर बदलता येतं. पीएसपीचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झचा, आणि तुमच्या ३००० मध्ये मेमरी ६४ एमबी. एवढ्याशा बळावर ते सुरळीत चित्र दाखवतं, कारण एव्हीसी उलगडण्यासाठी त्यात वेगळं, त्याच कामासाठी घडवलेलं सर्किट आहे. ते आपलं काम फार छान करतं, पण शिकवलेलं सोडून दुसरं काही करत नाही.

त्यातला सर्वांत फसवा भाग चित्राच्या मापाचा. पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा आहे. १६:९ चं गणित मांडलं तर ४८० ला उंची २७० यायला हवी. मग २७२ का? एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन पाडून काम करतं. ४८० म्हणजे असे बरोबर ३० चौकोन, २७२ म्हणजे बरोबर १७. २७० ला भाग जात नाही. आता हँडब्रेकसारखं व्हिडिओ रूपांतर करणारं सॉफ्टवेअर घ्या. तुम्ही रुंदी ४८० दिली की ते प्रामाणिकपणे १६:९ राखतं आणि उंची २७० काढून देतं. मार्च २००७ च्या फर्मवेअर ३.३० पासून (फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) सोनीने मेमरी कार्डावरच्या एव्हीसी व्हिडिओसाठी मापं वाढवली, ती ७२० बाय ४८०, ३५२ बाय ४८० आणि ४८० बाय २७२. त्यात २७० नाही. यादीबाहेरची मापं नशिबावर सोडण्यापेक्षा मी नेहमी नेमकं ४८० बाय २७२ करतो आणि उरलेल्या जागेत काळी पट्टी भरतो. (तुमचं ३००० मुळात २००८ चं, त्यामुळे फर्मवेअर जुनं असल्याची काळजी तुम्हाला नाही. ज्यांच्याकडे पहिलं, जाडजूड १००० आहे त्यांनी 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये आकडा बघावा. ३.३० च्या आधी कार्डावरून ३२० बाय २४० च्या आसपासच चालायचं, म्हणून तेव्हाचे लोक ३६८ बाय २०८ असं विचित्र माप वापरत: रुंद चित्रासाठी तेवढ्याच ठिपक्यांत बसणारं.)

हँडब्रेक फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, म्हणून त्यातल्याच जागा सांगतो. फॉरमॅट एमपी४. मापाच्या टॅबमध्ये अ‍ॅनामॉर्फिक बंद करा, कमाल माप ४८० बाय २७२ द्या, आणि 'बॉर्डर्स'मध्ये 'फिल' निवडून रंग काळा ठेवा. मग बाहेर पडणारी फाइल नेमकी ४८० बाय २७२ आहे ना, ते खाली दिसणाऱ्या अंतिम मापात वाचा. व्हिडिओ टॅबमध्ये एच.२६४ ची एक्स२६४ वाली निवड, प्रोफाइल 'मेन', लेव्हल ३.०. तिथेच जादा पर्याय लिहायची एक रिकामी चौकट असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्यात तीन गोष्टी इंग्रजीत, मध्ये विसर्गासारखं चिन्ह देऊन लिहा: 'रेफ' बरोबर ३, 'बी-पिरॅमिड' बरोबर 'नन', 'वेटपी' बरोबर ० ('बरोबर' च्या जागी = चिन्ह). एक्स२६४, म्हणजे हँडब्रेकमधला एच.२६४ चित्र बनवणारा भाग, जागा वाचवण्यासाठी एका चित्राचा आधार दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला अशी उतरंड रचतं. पीएसपीला त्या रचनेचे काही प्रकार झेपत नाहीत. प्रोफाइल आणि माप दोन्ही बरोबर असूनही फाइल हटून बसते तेव्हा मी सगळ्यात आधी बी-पिरॅमिडवर संशय घेतो.

क्वालिटीच्या जागी सरासरी बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) निवडा आणि ८०० लिहा. पडदा ४.३ इंचांचा आहे, त्यावर याहून जास्त टाकून डोळ्यांना काही मिळत नाही, उलट हलत्या दृश्यांत चित्र अडखळायला लागतं. आवाज एएसी, स्टिरिओ, १२८, आणि सँपलरेट 'ऑटो'वर न ठेवता ४८. चॅप्टर मार्कर बंद. एक चित्र, एक आवाज, तिसरं काही नको. हिशोबच करायचा तर ८०० आणि १२८ मिळून तासाला साधारण ४१८ एमबी होतात. ४ जीबीच्या कार्डावर नऊ तासांहून थोडं जास्तच मावतं.

आणि कृपा करून सगळा व्हिडिओ एकदम रूपांतरित करायला लावू नका. शितावरून भाताची परीक्षा करा. हँडब्रेकमध्ये वर 'रेंज' असतं, तिथे 'सेकंद' निवडून फक्त एका मिनिटाचा तुकडा काढा, कार्डावर टाका, चालवून बघा. चालला तर त्याच सेटिंग्जना नाव देऊन प्रीसेट म्हणून जतन करा. मी सुरुवातीला रात्रभर संगणक चालू ठेवून तीन-तीन तासांची फाइल केली आहे आणि सकाळी तिच्यावर 'अनसपोर्टेड डेटा' वाचलंय. तुमची रात्र वाचावी म्हणून हे आग्रहाने सांगतोय.

आवाज मागे पडण्याचं कारण तुमच्या फोनमध्ये आहे. फोन उजेडाप्रमाणे आणि स्वतःच्या कामाच्या ओझ्याप्रमाणे दर सेकंदाच्या चित्रांची संख्या कमीजास्त करतो: कधी ३०, कधी २४. असा बदलता वेग पीएसपीला नीट सांभाळता येत नाही. एकेका चित्राचा फरक साठत जातो आणि दहा मिनिटांनी ओठ आणि शब्द वेगळे पडतात. व्हिडिओ टॅबमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा आणि आकडा ३० द्या. फोनवर ६० ने चित्रण केलं असेल तरी इथे ३० च.

भाचीचे उभे व्हिडिओ असतील तर एक विचार करा. उभं चित्र आडव्या पडद्यावर बसवलं की त्याची रुंदी जेमतेम १५३ ठिपके उरते, दोन्ही बाजूंना काळा अंधार. त्यापेक्षा हँडब्रेकमध्येच ते ९० अंशांत फिरवा, म्हणजे पडदा पुरा भरेल. बघताना पीएसपी उभं धरायचं. मुलांना हे फार आवडतं.

आता त्या डीव्हीडीबद्दल, कारण मला तिचीच जास्त काळजी वाटते. फोनचे व्हिडिओ पुन्हा मिळतील. लग्नाची कॅसेट एकच असते. पहिलं काम पीएसपीचं नाहीच: डीव्हीडीची पूर्ण, मूळ प्रत हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. ४८० बाय २७२ ची फाइल बघण्यापुरती आहे, तिला जतन समजू नका.

आपल्याकडची अशी डीव्हीडी 'पाल' या टीव्ही पद्धतीची असते: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. २५ ची ३० करू नका, २५ वरच 'कॉन्स्टंट' ठेवा. नाहीतर मंडपात चालणारी माणसं मध्येच झटका देतात. शिवाय हे चित्र एकाआड एक ओळींनी टिपलेलं असतं. तसंच लहान केलं तर हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. फिल्टर्समध्ये 'डीइंटरलेस' चालू करा, त्या जातील. कॅसेटच्या चित्रात सगळ्यात खाली थरथरणारी एक पट्टीही असते. टीव्हीवर ती कडेला झाकली जायची, इथे उघडी पडते. 'क्रॉप'मध्ये खालून दहा-बारा ओळी कापल्या की चित्र स्वच्छ होतं.

आणि चित्र ताणू नका. ते ४:३ चं आहे. २७२ उंचीला त्याची रुंदी साधारण ३६२ होते, दोन्ही बाजूंना सुमारे ५९ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्या. माझ्या काकांनी अशीच एक फाइल पडदाभर ताणून केली होती. आजीचा चेहरा इतका पसरट झाला की आईने दोन मिनिटांत बघायचं थांबवलं. नंतर आम्ही पट्ट्यांसह पुन्हा केली, तेव्हा तिने ती सलग तीनदा पाहिली. ज्यांना आपण एरवी बघू शकत नाही त्यांचा चेहरा बरोबर दिसायला हवा.

मराठीत ओळी टाकायच्या असतील, म्हणजे नावं किंवा ओव्यांचे शब्द, तर त्या चित्रातच 'बर्न' कराव्या लागतात. वेगळी सबटायटल फाइल पीएसपीचा प्लेअर घेत नाही. अक्षर मात्र नेहमीपेक्षा बरंच मोठं ठेवा. २७२ ओळींत इंग्रजी लहान अक्षरंही वाचता येतात, पण आपली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं विरघळतात.

कार्डाबद्दल थोडं. पीएसपीला मेमरी स्टिक प्रो ड्युओ लागतं. ते आता नवं मिळणं कठीण, म्हणून लोक मायक्रोएसडी बसणारं अ‍ॅडॅप्टर वापरतात आणि ते चांगलं चालतं. पण ६४ जीबी आणि त्यावरची मायक्रोएसडी कार्डं एक्सफॅट या फाइली मांडायच्या पद्धतीने तयार होऊन येतात. पीएसपीला ती वाचता येत नाही, फॅट३२ वाचता येतं. कार्ड अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून पीएसपीच्याच 'फॉरमॅट मेमरी स्टिक'ने फॉरमॅट करा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, म्हणून गेमचे सेव्ह आधी काढून घ्या. खोट्या कार्डांपासूनही जपा. मी एका दुकानातून ३२ जीबी लिहिलेलं कार्ड घेतलं होतं. सुरुवातीचे व्हिडिओ चालले, नंतरचे सगळे अर्ध्यात थांबायचे. महिनाभर मी रूपांतराच्या सेटिंग्जना दोष देत राहिलो. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' हे छोटं साधन लावलं तेव्हा कळलं की आत खरी जागा ८ जीबीसुद्धा नव्हती. तुमच्याकडे तोच व्हिडिओ संगणकावर पूर्ण आणि पीएसपीवर दर वेळी एकाच जागी थांबत असेल, तर आधी कार्ड तपासा.

यंत्र बरीच वर्षं कपाटात होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून चार्जिंगला लावण्याआधी मागचं झाकण उघडून बॅटरी हातात घ्या. ती फुगली असेल, सपाट टेबलावर ठेवून डोलत असेल, तर ती वापरू नका, दाबू नका, ई-कचऱ्यात द्या. लहान मुलीच्या हातात हे यंत्र जाणार आहे.

एवढं करूनही एखादी फाइल अडलीच तर 'मीडियाइन्फो' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा आणि फॉरमॅट, प्रोफाइल, रुंदी, उंची, फ्रेमरेट मोड आणि आवाजाचा सँपलरेट या सहा ओळी इथे लिहा. त्यांवरून नेमकं कुठे अडतंय ते मी सांगू शकेन.