वेल्डरची कॅनडाची नोकरी आणि दोन एकर वावर

भाऊ, तुमची मेल दोनदा वाचली. वय 31, आयटीआय वेल्डर, बुटीबोरीत सहा वर्षं काम, बायको आणि एक मुलगी, दिग्रसजवळ बाबांच्या नावावर साडेपाच एकर. एजंट म्हणतो, कॅनडात सस्कॅचेवान प्रांतातल्या मूस जॉ गावात जॉब पक्का, पीआरपण (तिथं कायम राहायचा परवाना) होते, फक्त 14 लाख द्या, त्यातले 5 आधी रोख. म्हणून धुऱ्याकडची दोन एकर एकरी 7 लाखानं शेजाऱ्याला द्यायची का, असा तुमचा प्रश्न.

नका देऊ.

अशा गावातल्या नोकरीवर पीआर देणारी स्कीम खोटी नाही, हे आधी सांगतो. कॅनडा सरकारनं जानेवारी 2025 मध्ये लहान गावांसाठी रूरल कम्युनिटी इमिग्रेशन पायलट नावाची प्रायोगिक योजना सुरू केली, त्यात 14 ठिकाणं आहेत, मूस जॉ त्यात आहे, टिमिन्स आहे, थंडर बे पण आहे. पण त्यात नोकरी विकत मिळत नाही, तिथल्या कम्युनिटीनं मान्य केलेल्या कंपनीनंच ऑफर द्यावी लागते, अशा कंपन्यांची यादी त्या त्या गावाच्या साइटवर असते, आणि ऑफरसाठी उमेदवाराकडून पैसे घेणं तिथं बेकायदा आहे. म्हणजे तुमचे 14 लाख नेमके कशाचे?

तुम्ही जोडलेलं जॉब लेटर पाहिलं. कंपनीचा मेल जीमेलचा, पत्ता नाही, आठवड्याला किती तास ते नाही, पगार महिन्याचा लिहिलाय (तिकडं वेल्डरला रेट तासाचा सांगतात), आणि सस्कॅचेवानचं स्पेलिंग एकाच पानावर दोन तऱ्हेचं. माझ्या मते इथंच विषय संपतो. एजंटला कॅनडाच्या इमिग्रेशन कन्सल्टंटचा लायसन्स नंबर मागा, तो ऑनलाइन तपासता येतो. आणि रोख पाच लाख म्हणजे तर हद्दच, आपल्याकडं इन्कम टॅक्सच्या कायद्यात दोन लाख किंवा वर रोख घेणंच बंद आहे.

आता खरा खर्च बघा. तुमचं काम त्यांच्या हिशेबात टीईईआर 2 या कौशल्याच्या गटात येतं, त्याला इंग्रजी सीएलबी 5 (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी मोजायची पट्टी) लागते, म्हणजे आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंगला 4 आणि बाकी तिन्हीत 5, हे रोज तास-दोन तास बसलं तर होण्यासारखं आहे. मागच्या तीन वर्षांत 1560 तासांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडं भरपूर आहे, फक्त कंपनीकडून कामाचं स्वरूप आणि तास लिहिलेलं लेटर आत्ताच घेऊन ठेवा, सुपरवायझर बदलला की कोणी ओळखत नाही. परीक्षा आणि सर्टिफिकेटची तपासणी मिळून 40-50 हजारात बसेल. अर्जाची सरकारी फी मोठ्या माणसामागं लाखाच्या आसपास, पण ती ऑफर आणि कम्युनिटीची शिफारस हातात आल्यावर.

अडचण सेटलमेंट फंडाची आहे. तिकडं जाऊन बसायला तुमच्याजवळ स्वतःचे पैसे आहेत हे दाखवावं लागतं, रक्कम कुटुंबातल्या माणसांवर ठरते, तुमची तिघांची लाखांतच जाईल. एजंट म्हणाला ना की सोसायटीतून उचलून खात्यात दाखवू, तर उसने पैसे चालत नाहीत. पण हे पैसे तुमच्याच खात्यात राहतात, कोणाच्या खिशात जात नाहीत, म्हणून खरी ऑफर आली आणि फंड थोडा कमी पडला तर एखाद एकराचं तेव्हा बोलू, बाबांची मनापासून तयारी असेल तर. तोवर 2 लाखांच्या एफडीला हात लावू नका, पीएफपण राहू द्या, कायमचं देश सोडताना तो काढता येतो.

अजून एक, हे एजंट सांगत नाहीत. एनआरआय झालात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणं शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर ठेवता येते, पण आज गेलेली दोन एकर उद्या डॉलर कमावूनही तुमच्या नावावर घेता येणार नाही.

शेजाऱ्याला सांगा, इसार सध्या नको. आयईएलटीएसचा निकाल आला की मला मेल टाका, मग त्या 14 गावांच्या याद्या काढून वेल्डर कुठं कुठं मागतात ते बघू.