गावच्या वाचनालयाकडे लोक वळावेत यासाठी कोणते उपक्रम घ्यावेत?

आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात सहा हजारांवर पुस्तके आहेत, पण सकाळी वृत्तपत्रे चाळायला येणाऱ्या दहा-पंधरा ज्येष्ठांपलीकडे कोणी फिरकत नाही, असे आपण लिहिले आहे. व्याख्यानमाला सुरू करावी की वाचन स्पर्धा, आणि त्यासाठी पैसा कोठून उभा करावा, हा आपला प्रश्न आहे. मी २७ वर्षे एका तालुक्याच्या गावी, शासनाच्या वर्गवारीतल्या ‘ब’ दर्जाच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. आपला प्रश्न वाचताच मला आमच्या कार्यकारी मंडळाची एक सभा आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.

माझे मत आधी सांगते. ज्या कार्यक्रमानंतर वाचनालयाची पायरी पूर्वी कधी न चढलेल्या एका तरी माणसाच्या हाती पुस्तक जात नाही, त्याला मी उपक्रम म्हणत नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आपण सगळेच साजरे करतो. प्रतिमेला हार घालतो, टेबलावर ग्रंथप्रदर्शन मांडतो, छायाचित्र काढून अहवालाला जोडतो. तपासणीच्या वेळी या नोंदी पाहिल्या जातात, म्हणून ते करावेच लागते. पण त्या संध्याकाळी पुस्तकांच्या देवघेवीची वही उघडून पाहिली, तर आदल्या दिवशीचीच नावे तिच्यात असतात.

आता ती हकिगत. आमच्या गावात विडी कामगार स्त्रियांची एक मोठी वस्ती होती, आणि ती वाचनालयापासून चालत सात-आठ मिनिटांवर होती. १९९८ सालच्या पावसाळ्यात त्या वस्तीतली एक बाई सातवीतल्या मुलीला घेऊन दारापर्यंत आली आणि पायरीवरूनच तिने विचारले की, मुलीला गोष्टींचे पुस्तक वाचायला मिळेल का. मी आत बोलावले, तरी ती आत आली नाही. अनामत १०० रुपये आणि महिन्याची वर्गणी १० रुपये असल्याचे मी सांगितले. ती अनामत तिच्या जवळजवळ तीन दिवसांच्या मजुरीएवढी होती. ती काही बोलली नाही, मुलीचा हात धरून निघून गेली. सात-आठ मिनिटांवर राहणारी माणसे आपल्याकडे का येत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

मी मंडळाकडे लेखी विनंती केली आणि ४० पुस्तके माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर नेण्याची परवानगी बरीच वादावादी होऊन मिळाली. पत्र्याच्या एका ट्रंकेत ती भरून दर गुरुवारी, म्हणजे आमच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी, दुपारी मी वस्तीतल्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर जाऊ लागले. पहिल्या दोन गुरुवारी मुलांखेरीज कोणी पुस्तकाला हात लावला नाही. बायका दारादारात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असत. सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पत्र्याचे माप ठेवून पान कातरायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोरा बांधायचा आणि २५ विड्यांचा कट्टा झाला की बाजूला ठेवायचा. मजुरी हजार विड्यांमागे मिळायची. डोळे आणि हात असे बांधलेल्या बाईला मी पुस्तक पुढे करत होते, आणि तिने ते हातात घेतले तर तिचे पैसे बुडणार होते. हे माझ्या ध्यानात यायला दोन आठवडे लागले.

तिसऱ्या गुरुवारी मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कान मोकळे होते. पहिल्या दिवशी चार-पाच जणी सूप घेऊन जवळ सरकल्या, महिनाभरात ओटा भरू लागला आणि मी पान उलटायला थांबले, तर कोणीतरी खाली मान ठेवूनच म्हणे, “वाचा की बाई पुढं.” सुनेचे, जमिनीच्या वाटणीचे, परगावी कामाला गेलेल्या नवऱ्याचे कथानक असले की मधेच वाचन थांबे आणि त्यांची आपापसात चर्चा सुरू होई, ती मी कधी अडवली नाही. पुढे माझ्याऐवजी ती सातवीतली मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी आळीपाळीने वाचू लागल्या. त्यानंतर पुस्तके खऱ्या अर्थाने घराघरांत गेली, कारण मुलींना पुढच्या गुरुवारची तयारी करायची असे. अक्षरओळख असलेल्या बायका रात्री काम आवरल्यावर वाचायला पुस्तक मागू लागल्या. त्यांत संतचरित्रे होती, बाळंतपण आणि लहान मुलांच्या आजारांवरची पुस्तके होती. निराधार अनुदान योजनेचा अर्ज वाचून दाखवा असे एकीने सांगितले, आणि तोही मी वाचून दाखवला. वाचनालयाचे ते कामच आहे असे मी मानते.

केरळमध्ये विडी कामगारांनी हीच गोष्ट फार पूर्वी केली होती, हे मला नंतर कळले. तिथे विड्या वळणाऱ्यांपैकी एक जण वृत्तपत्रे आणि पुस्तके मोठ्याने वाचत असे आणि त्या वेळात त्याच्या वाटच्या विड्या इतर जण वळून देत. त्या राज्यात ग्रंथालयाची चळवळ गावोगाव का रुजली, याचे एक कारण मला त्यात दिसते. हे मला तेव्हा माहीत असते, तर पुढच्या सभेत मी अधिक ठामपणे बोलले असते.

सुरुवातीला म्हटले ती सभा, ट्रंक वस्तीत जाऊ लागल्यानंतर १४ महिन्यांनी झाली. आमचे त्या वेळचे कार्यवाह हे पुष्कळ वाचन असलेले आणि वाचनालयासाठी पदरमोड करणारे गृहस्थ होते. त्यांनी वस्तीतून परत आलेले एक पुस्तक सोबत आणले होते. सर्वांसमोर त्यांनी ते उघडे धरून टेबलावर आपटले. शिवणीतून तंबाखूची भुकटी इतिवृत्ताच्या वहीवर पडली. “याला तुम्ही वाचनप्रसार म्हणता?” असे त्यांनी विचारले. मी वर्षभराचा हिशोब मांडला: ४० पुस्तके अदलाबदल करून सतत फिरत होती, त्यांतली तीन हरवली, सहा फाटली, त्याच काळात अनामत भरलेल्या सभासदांकडून १९ पुस्तके परत आली नव्हती, आणि त्या सभासदांत मंडळाचे दोन सदस्यही होते. हा आकडा मी वाचून दाखवला, ही माझी चूक झाली असे मला तेव्हा अनेकांनी सांगितले. मला आजही तसे वाटत नाही. वस्तीतले वाचन बंद करण्याचा ठराव झाला, ट्रंक परत आली, आणि शिल्लक रकमेतून त्या वर्षी तीन दिवसांची व्याख्यानमाला घेण्यात आली. तिन्ही दिवस सभागृह भरले होते. चौथ्या दिवशी देवघेवीच्या वहीत ३१ नोंदी होत्या. व्याख्यानमालेआधीच्या आठवड्यातही रोज तेवढ्याच होत्या.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच सूत्र पुस्तके उपयोगासाठी असतात, असे आहे. ते आपल्या प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर लावलेले असते आणि १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीच्या दिवशी त्याच्यावर भाषणेही होतात. शिवणीत तंबाखू साठलेले पुस्तक हे त्या सूत्राप्रमाणे वापरले गेलेले पुस्तक होते. कपाटात २० वर्षे कोरे राहून कसरीने खाल्लेले पुस्तक मात्र खराब झाले असे कोणी म्हणत नाही, त्याचे नाव निर्लेखनाच्या, म्हणजे बाद पुस्तकांच्या, यादीत गुपचूप जाते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून संस्थानात मोफत ग्रंथालये सुरू केली आणि जिथे ग्रंथालय नाही, तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतून पुस्तकांच्या पेट्या देशोदेशीच्या मराठी वाचकांपर्यंत गेल्या आहेत. मात्र १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने आपण वेगळी वाट घेतली. आपली ग्रंथालये संस्थांची, त्यांना शासनाचे अनुदान, ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, आणि सभासदाकडून अनामत व वर्गणी घेण्याची रीत कायम. या रचनेमुळे राज्यात हजारो वाचनालये उभी राहिली, हे मोठेच काम आहे. पण नावात ‘सार्वजनिक’ असलेली संस्था दारातच १०० रुपये मागते, तेव्हा ती नेमकी कोणाची हे लोकांना बरोबर कळते. म्हणून आपला पहिला उपक्रम कोणता, असे विचाराल तर तो अनामतीचा ठराव बदलणे हा आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना आणि मजुरी करणाऱ्या स्त्रियांना अनामत माफ करा. आधीच्या सभासदाची ओळख पुरेशी माना. पुस्तके हरवतील, आणि ती तशीही हरवतातच.

पैशाविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यात फारसे रहस्य नाही. अनुदान दोन हप्त्यांत आणि अनेकदा उशिरा येते, त्यामुळे त्याच्या भरवशावर नवा उपक्रम आखू नका. पेटीला आणि मोठ्याने वाचनाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. शाल-श्रीफळ, फलक, मंडप आणि पाहुण्यांचा प्रवास हे आपल्या समारंभांचे मुख्य खर्च असतात. एका वर्षी ते टाळले, तर बालविभागाची चांगली भर होते. वाचन स्पर्धेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. तिच्यात आधीच वाचणारी दहा मुले बक्षिसे घेतात आणि उरलेल्यांना आपण वाचणाऱ्यांपैकी नाही, याची खात्री पटते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेबद्दलही तेच. मुले स्वतःचीच पुस्तके घेऊन येतात, आपल्याकडे त्यांना खुर्ची, दिवा आणि शांतता हवी असते. ती सोय जरूर द्यावी, पण तिच्या उपस्थितीचा आकडा दाखवून वाचनालय चालते आहे, असे सांगू नये. त्याच मुलांपैकी दोघा-तिघांना आठवड्यातून एक तास वस्तीत वाचायला पाठवता आले, तर मात्र अभ्यासिकेचा गावाला खरा उपयोग होईल.

येथवर मी व्याख्यानमालेविरुद्ध जे लिहिले, ते आमच्या गावच्या त्या एका अनुभवावरून लिहिले आहे, हे मान्य करायला हवे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि तिने महाराष्ट्राला कितीतरी दिले. आपल्या गावात ऐकणारा वर्ग असेल, तर व्याख्यानमाला अवश्य घ्या, फक्त सभागृहाच्या दारातच देवघेवीचे टेबल मांडा आणि वक्त्याच्या विषयावरची २०-२५ पुस्तके तिथल्या तिथे घरी न्यायला द्या. दुसरे असे की, मी माझ्या साप्ताहिक सुटीत जात असे आणि ते योग्य नव्हते. ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे मानधन आधीच तुटपुंजे असते. त्यांच्या सुटीवर उपक्रम उभारला, तर तो माणसाबरोबर संपतो. आमचा तसाच संपला. म्हणून हे काम कामाच्या वेळेत धरा, तसा लेखी ठराव घ्या आणि पेटीतल्या पुस्तकांची स्वतंत्र नोंदवही ठेवा. त्या ठरावात पुस्तक किती झिजले तर चालेल, हेही आधीच लिहून घ्या. आमच्या सभेत तेवढी एक ओळ कागदावर असती, तर टेबलावर पुस्तक आपटण्याची वेळ आली नसती आणि कार्यवाहांशी माझे बोलणे सहा वर्षे बंद राहिले नसते.

आपल्या गावात विड्या वळत नसतील, पण दुपारी हात गुंतलेले आणि कान मोकळे असलेली माणसे कुठेतरी नक्की असतील: शिवणवर्गात, पापडाच्या बचत गटात, कांद्याच्या चाळीवर निवडीला बसलेल्या बायकांत, दवाखान्याच्या बाकावर. त्यांतली एक जागा निवडा, एक वार आणि वेळ ठरवा, आणि पाऊस असो की सण, ती चुकवू नका. पहिल्या दिवशी कादंबरी नेऊ नका. अर्ध्या तासात संपेल अशी कथा घ्या, आदल्या रात्री ती घरी एकदा मोठ्याने वाचून पाहा, आणि जिथे आपलीच जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने खूण करा.