वाचक विचारतात : पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर किल्ली फिरवण्याआधी

प्रश्न : आमचा ट्रॉलर जूनपासून शाकारलेला, म्हणजे किनाऱ्यावर ओढून झाकलेला आहे. इंजिन सहा सिलिंडरचं. परवा डिपस्टिक काढली तर तेल दुधाळ चहासारखं आणि वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर. तेल बदलून लगेच इंजिन सुरू करावं का? (हर्णै)

सुरू करू नका. स्टार्टरला हातही लावू नका, बॅटरीची वायर काढून ठेवा.

पातळी वर गेली आहे, म्हणजे पाणी बाहेरून आत आलंय. पावसाळी दमटपणाने झाकणाखाली पिवळसर साय धरते, पण त्याने डिपस्टिकवरची पातळी बोटभर चढत नाही.

बंद बोटीत पहिला संशय धुराड्यावर घ्या. उभं धुराडं उघडं राहिलं की बंदीतला १ जून ते ३१ जुलैचा पाऊस सरळ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना जोडणाऱ्या धुराच्या नळीत उतरतो. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय त्यात साठतो आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या चेंबरमध्ये झिरपतो. अशा वेळी स्टार्टर मारला तर पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून डिझेल फवारणारे सहाही नोझल काढा आणि फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. एखाद्या भोकातून पाणी उडालं तर दोषी सिलिंडर सापडला.

नोझलची भोकं कोरडी निघाली तर पाण्याने तेल थंड करणारा ऑइल कूलर तपासा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला ४५ ते ६० पौंड असतो, पाण्याचा त्याहून बराच कमी. त्यामुळे नळी फुटलेली असली तरी चालू इंजिनात तेलच पाण्यात जातं. इंजिन थांबलं की दाब उलटतो आणि पाणी तेलात येतं. मे महिन्यात पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला होता का, हे खलाशांना विचारा. तिसरी जागा लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खालच्या ओ-रिंगा आणि हेड गॅस्केट.

पाणी खारं की गोडं, हे कळलं की निम्मं काम होतं. चेंबरच्या बोल्टातून पहिलं अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. तळाला बसलेल्या पाण्याचे चार थेंब स्टीलच्या ताटलीवर उन्हात वाळवा. पांढरी खरड उरली तर समुद्राचं पाणी. रंग दिसला तर कूलंट, म्हणजे कूलर, ओ-रिंगा किंवा गॅस्केट. दोन्ही नसेल तर बहुधा पाऊस.

कारण दुरुस्त झाल्यावरच धुलाई. चेंबर रात्रभर निथळू द्या. जुना फिल्टर कापून कागद उलगडून बघा. चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग झिजलंय. नवा फिल्टर लावा, त्याच ग्रेडचं स्वस्त तेल खालच्या खुणेपर्यंत भरा, आयडलवर १५ मिनिटं चालवा आणि गरम असतानाच सोडा. तेल दुधाळ निघणं थांबेपर्यंत हेच करा, साधारण दोन-तीनदा. शेवटी पुन्हा फिल्टर आणि चांगलं तेल. रॉकेल किंवा डिझेलने धुऊ नका. ते कोपऱ्यात राहतं आणि बेअरिंगवरची तेलाची फिल्म पातळ करतं.

पाणी खारं असेल आणि आठवड्याहून जास्त आत राहिलं असेल, तर क्रँकशाफ्टचं एक मेन आणि कनेक्टिंग रॉडचं एक बिग-एंड बेअरिंग उघडायलाच हवं. पृष्ठभागावर करडे खड्डे असतील तर सगळी बदला. खर्च जिवावर येतो, पण क्रँकशाफ्टपुढे तो काहीच नाही.

पुढच्या वर्षी तेल बोट शाकारण्याआधीच बदला, नंतर नाही. वापरलेल्या तेलातलं आम्ल दोन महिने बेअरिंगवर बसून राहतं. नवं तेल भरून दहा मिनिटं चालवा, डिझेलची टाकी भरून ठेवा, धुराड्याला घट्ट झाकण लावा आणि दर पंधरवड्याला फ्लायव्हील हाताने सव्वादोन फेरे फिरवा, म्हणजे पिस्टन प्रत्येक वेळी नव्या जागी थांबतो.

प्रश्न : इंजिनात एसएई ४० तेल वापरावं की १५डब्ल्यू-४०? तेल आठवड्यातच काळं होतं, म्हणजे भेसळ आहे का? (मालवण)

१०० अंश सेल्सिअसवर दोन्ही सारखीच जाड, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (तेलाचा जाडपणा मोजायचं माप) पट्ट्यात. १५डब्ल्यूचा फायदा थंडीत दिसतो. कोकणात थंडीचा प्रश्न नाही, त्यामुळे इंजिनाच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या आणि दोन्ही मिसळू नका. काळेपणा हा भेसळीचा पुरावा नाही. तेलातलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतं म्हणून ते काळं दिसतं. डिझेलचा वास येऊन पातळी वाढत असेल तर मात्र नोझल आणि पंप तपासा. तेल महिन्यावर नव्हे, तासांवर बदला. दिवसाला २० तास चालणाऱ्या ट्रॉलरचे २५० तास तेराव्या दिवशी पूर्ण होतात.

प्रश्न : इंजिन १८०० आरपीएमचं (मिनिटाला फेरे), पण जाळं नसतानाही १६००च्या वर जात नाही आणि काळा धूर सोडतं. मिस्त्री पंपाचं डिझेल वाढवू म्हणतो. (रत्नागिरी)

पंपाचं सील तोडू देऊ नका. आरपीएम कमी आणि धूर काळा, म्हणजे डिझेल पुरेसं आहे. ओझं जास्त आहे किंवा हवा कमी. आरपीएम कमी पण धूर स्वच्छ असता, तर डिझेल फिल्टर चोंदलाय असं म्हटलं असतं. तुमच्याकडे अजून डिझेल ओतलं तर काजळी वाढेल, तेल घट्ट होईल आणि रिंगा खाचेत चिकटतील. मग तेल जळून निळा धूर आलाच.

आधी बोट ओढून तळ आणि पंखा (प्रोपेलर) खरवडा. पात्यांवर शिंपल्यांचा पातळ थर असला तरी फरक पडतो. मग एअर फिल्टर आणि एक्झॉस्टमधली काजळी बघा. एवढं करूनही रिकामी बोट पूर्ण थ्रॉटलवर १८०० गाठत नसेल, तर पंख्याची पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, जास्त आहे. ती कमी करून घ्यावी लागेल.

पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १८०० ऐवजी १६२० आरपीएमवर ती सुमारे ७३ टक्क्यांवर येते आणि तेवढ्याच अंतराला डिझेल साधारण पाचव्या हिश्श्याने कमी लागतं. ही बचत मात्र थ्रॉटल मागे घेतल्याची. पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन १६००वर अडकलं असेल तर बचत होत नाही, त्याचा जीव जातो.